जीभ बघणाऱ्या टीचर

आमच्या टीचर समोरच्या माणसाच्या डोळ्यांत कधी बघायच्या नाहीत. तोंडात बघायच्या. तुम्ही बोलायला लागलात की त्यांची नजर तुमच्या ओठांवर येऊन टेकायची आणि ओठ उघडले की आत शिरायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंना ऐकायला कमी येतं. कान त्यांचे चांगले तिखट होते. त्या जीभ बघत असायच्या.

"बोल, बोल, थांबू नको," त्या म्हणायच्या. "आता जरा ला-ला-ला म्हण बघू."

'ला' म्हणताना जीभ वर उचलली जाते आणि तिची खालची बाजू दिसते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्यांच्यासमोर कितीतरी वेळा गाणं म्हटल्यासारखी उभी राहिले होते.

गावच्या हायस्कूलात त्या विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही. इगर्जीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या बाजूला त्यांचं छोटं घर होतं आणि त्या घरात जेवणाच्या टेबलावर शाळेने मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप, क्रोशाच्या झाकणाखाली. पाहुण्याच्या एका हाताला मिठाची बाटली, दुसऱ्या हाताला मायक्रोस्कोप. नाताळात सान्नां खायला बोलवायच्या. माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायचं, मग वाफवायचं, ते सान्नां. ताट समोर आलं तरी आधी भाषण ऐकावं लागायचं. हे पीठ फुगवणारी ती यीस्ट, आणि आपल्या तोंडात राहते ती हिचीच नातेवाईक. "ही चांगल्या वळणाची. ती जरा बेभरवशाची." तोवर सान्नां गार झालेली असायची.

शाळेत असताना त्यांनी आम्हा सगळ्यांच्या जिभा कापसाच्या काडीने खरवडून काचेवर घेतल्या होत्या. माझ्या काचेवर साबुदाण्यासारखे दोन-चार गोल दाणे दिसले. "ही तुझी बुरशी," टीचर म्हणाल्या. मी जन्मापासून घाबरट. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. वर्गात त्या शुद्ध मराठी बोलायच्या, पण माया आली किंवा राग आला की मालवणीवर यायच्या. मधल्या सुट्टीत माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"अगो, अर्ध्या जगाच्या तोंडात आसता ती. गोल आसा तवसर गप बसता. काय करणा नाय. जेव तू."

"आणि गोल नसली तर?"

"मगे दोरो काढता. दोऱ्यान आत शिरता. पन तुझ्यासारख्या पोराक कित्याक त्रास देतली ती? जेव."

मी जेवले, पण तो दोरा माझ्या डोक्यात राहिला तो राहिलाच.

नातेवाइकांना टीचर म्हणजे कटकट वाटायची. बारशाला बाळाचा पापा घेणाऱ्या मावश्यांना त्या हातपंख्याने हाकलायच्या. भर बाजारात, पापलेटाचा भाव चालू असताना, मासेवालीला विचारायच्या, "कवळी रात्री काढून ठेवतंस मा?" ती बिचारी चार बायकांत कवळी असल्याचं कबूल कशी करणार? टीचर दिसल्या की ती तोंडाला पदर लावायची. टीचरना त्याचं काही वाटायचं नाही. लाज ही गोष्ट त्यांच्या अभ्यासक्रमातच नव्हती.

निवृत्त झाल्यावर त्यांना अगदी मनासारखं काम मिळालं. रविवारच्या मिसात, म्हणजे आमच्या प्रार्थनेत, फादरना कुमगार वाटायला माणूस कमी पडायचा. कुमगार म्हणजे तो पवित्र पावाचा पातळ चकतीएवढा तुकडा. लोक रांगेने पुढे येतात, वाटणारा म्हणतो "ख्रिस्ताचं शरीर", आपण म्हणायचं "आमेन" आणि तोंड उघडून जीभ पुढे करायची. हे काम फादरनी टीचरना दिलं. बिचाऱ्यांना काय कल्पना! अख्खा गाव आपण होऊन टीचरसमोर जीभ काढायला लागला. मिस सुटलं की त्या पायऱ्यांवर एकेकाला हळूच गाठायच्या. "तू साखर तपासून घे." "तू बाळाच्या तोंडाला मध लावतेस का?" आणि त्या बऱ्याचदा बरोबर निघायच्या, म्हणून लोक चिडायचे आणि ऐकायचेही.

करोनात कुमगार हातावर द्यायला लागले आणि टीचर खंगल्याच. नंतर सगळं सुरळीत झालं तरी बहुतेकांना हातावरचीच सवय लागली. जिभेवर घेणारे उरले ते जुने, हट्टी. त्यांत माझे पपा.

माझे पपा मेस्त, म्हणजे सुतार. आयुष्यभर रंधा मारून भुसा छातीत गेला आणि साठीनंतर दमा लागला. कणकवलीच्या डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ ओढायचा पंप दिला आणि नीट बजावून सांगितलं, पंप ओढला की लगेच चूळ भरायची, घसा खळखळून थुंकायचं. पपांनी मान हलवली. मी शेजारीच होते. माझीही खात्री पटली.

मी ओरोसला सरकारी ऑफिसात कारकून. सकाळची बस पकडून जाते, संध्याकाळी येते. ममा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यामुळे पपांच्या ताटाकडे माझं बारीक लक्ष असतं. एका वर्षी पावसाळ्यात पपांच्या छातीत कफ साठला, अँटिबायोटिकचा मोठा डोस झाला आणि त्यानंतर त्यांनी तिखट सोडलं. बांगड्याचं तिखलं पुढे केलं की म्हणायचे, "नको, जळजळता." मग भात ताकात कालवून खायला लागले. मग तोही गिळताना मान खाली घालायला लागले. सदरा खांद्यांवरून ओघळायला लागला.

माझे काका, पपांचे धाकटे भाऊ, तोंडाच्या कॅन्सरने गेले. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, तिखट लागतं म्हणून. दोघेही भाऊ एकाच डबीतली तंबाखू खायचे. पपांनी दम्यामुळे सोडली, पण फार उशिरा. मी बसमध्ये बसून हेच सगळं डोक्यात घोळवायचे. तोंड दाखवा म्हटलं तर पपा म्हणायचे, "दातांका लागता जरासा." पपांच्या तोंडात तर कवळी, दात दुखतील कुठून? पण पुढे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. विचारलं आणि उत्तर मिळालं तर काय करायचं, ही भीती.

त्या रविवारी पपा टीचरच्या रांगेत होते, मी त्यांच्या मागे. "ख्रिस्ताचं शरीर," टीचर म्हणाल्या. "आमेन," म्हणून पपांनी तोंड उघडलं. आणि टीचरचा हात हवेतच थांबला. त्या वाकल्या. आणखी वाकल्या. ऑर्गनवर गाणं संपलं, वाजवणाऱ्याने तेच कडवं पुन्हा धरलं. मागची रांग कुजबुजायला लागली. पपा तोंड उघडून तसेच उभे, कानांच्या पाळ्या लालभडक. शेवटी टीचरनी कुमगार जिभेवर ठेवलं, पण "पुढे हो" म्हणायच्या ऐवजी पुटपुटल्या, "भायर थांब."

बाहेर येईपर्यंत गावात बातमी झाली होती. "टीचरीन मेस्ताक कुमगार देवक नाय." का, तर मेस्ताने काहीतरी मोठं पाप केलंय आणि कबुली दिली नाही. आयुष्यात रोजचं मिस न चुकवलेला माणूस! पायऱ्यांवर टीचर उभ्याच होत्या.

"मेस्त, तोंड उघड."

पपांनी ओठ घट्ट मिटले आणि चालायला लागले. घरी आल्यावर मला म्हणाले, "त्या बायलेन माका सगळ्यांदेखत नागडो केल्यान. परत तिच्यासमोर तोंड उघडूचंय नाय."

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी मी बसवरून उतरून घरी आले तर टीचर मागच्या पडवीत, पपांच्या कामाच्या बाकावर बसलेल्या. पपा रंधा मारत होते, म्हणजे मारल्याचं दाखवत होते. टीचर तोंडाविषयी चकार शब्द काढत नव्हत्या.

"मेस्त, सकाळचो पंप कधी घेतंस?"

"मिसाक जावच्या आदी."

"आणि चूळ?"

रंधा थांबला. "सकाळची भरणंय नाय."

"कित्याक?"

"उपास असता मा." पपा माझ्याकडे न बघता म्हणाले. "कुमगार घेवच्या आदी पोटात थेंब जावक होयो नाय. चूळ भरताना गेलो तर?"

"आणि मिस झाल्यार?"

"कुमगार घेतलेल्या तोंडात लगेच चूळ? काय बोलतात टीचर!"

डॉक्टरांनी सांगितलेलं पपा अगदी मनापासून पाळत होते, पण संध्याकाळी. सकाळी मात्र पंपाचं औषध रोज तोंडात तसंच बसून राहायचं, आणि वर रात्रंदिवस कवळी. लहानपणी दात घासताना पाणी गिळलं म्हणून आजीने पपांना कुमगार घेऊ दिलं नव्हतं, सगळ्यांच्या मागे बसवलं होतं. ती गोष्ट पपा हसून सांगायचे. ती अजून त्यांच्या घशात अडकलेली आहे, हे मला माहीत नव्हतं.

टीचर चिडल्या नाहीत. बाकावरची फळी उचलून त्यांनी बोट फिरवलं.

"ही फणसाची?"

"होय."

"बुरशी धरतली?"

"सुकी आसा ती. सुक्या लाकडाक काय करता बुरशी? ओला रवला, वारो लागलो नाय, तर आत शिरता. मगे रंधो मारून निघणा नाय."

"बुरशी येता खंयसून?"

"खंयसून म्हणजे? वाऱ्यार आसताच ती."

"तशीच तोंडात आसताच ती," टीचर म्हणाल्या. "तुझ्या छातीचा औषध तोंडात बसता आणि थयलो राखणदार झोपता. अँटिबायोटिकान तिचे शेजारी मारल्यान, तिका जागा गावली. कवळीखाली ओलावो. मगे ती गोल रवणा नाय रे. दोरो काढता, दोऱ्यान कातडी धरता, विष सोडता आणि आत जाता. लाकूड वायट नाय, बुरशी वायट नाय. फळी ओली रवली."

पपांनी फळी टीचरच्या हातातून घेतली आणि भिंतीला उभी केली. मग त्यांनी कवळी काढून हातात घेतली आणि तोंड उघडलं.

मी टॉर्च धरला. टीचरनी माझं मनगट पकडून उजेड नीट आत वळवला. जीभ, टाळू, सगळीकडे फुटलेल्या दुधासारखे पांढरे ठिपके. टीचरनी बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळून पुसलं. पांढरं निघून आलं, खाली लालबुंद. पपा कळवळले. "निघता," टीचर म्हणाल्या, "निघता म्हणजे बरा आसा." मला रडू फुटायच्या बेतात होतं, सुटकेचं. मग त्यांनी डाव्या गालाच्या आत, ओठांच्या कोपऱ्याजवळ पुसलं. तिथे करंगळीच्या नखाएवढा डाग होता. पुन्हा पुसलं. जरा जोरात पुसलं. तो निघाला नाही.

टीचरनी टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मला ते नको होतं.

फडकं घेऊन त्या मला आपल्या घरी घेऊन गेल्या. क्रोशाचं झाकण काढलं, काच लावली. "बघ." खाली गोल दाणे होतेच, पण त्या दाण्यांतून लांब दोरे निघालेले, एकमेकांत गुंतलेले. शाळेत डोक्यात शिरलेला दोरा मी एवढ्या वर्षांनी डोळ्यांनी बघत होते, आणि तो माझ्या पपांच्या तोंडातला होता.

"निघाला नाही तो डाग काय असेल?" मी विचारलं.

"माका ठावक नाय," टीचर म्हणाल्या. "बुरशी असात. दुसराय काय असात. तुकडो काढून तपासूक होयो. उद्या डॉक्टराकडे चल, मी येतंय."

टीचरना एखादी गोष्ट माहीत नाही, हे मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

कणकवलीच्या डॉक्टरांनी बुरशीच्या गोळ्या सुरू केल्या आणि गोव्याला पाठवलं. तिथे डागाचा तुकडा काढला. रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. ते दिवस मी कसे काढले, मला सांगता येत नाही. ऑफिसात लोकांचे अर्ज हातात घेऊन नुसती बसून राहायचे. आणि एवढं होऊनही पपा सकाळची चूळ भरेनात! "कॅन्सर असात तर देवाकडे जावचाच आसा," म्हणाले, "मगे उपास मोडून कसो जावू?" फादरनी घरी येऊन सांगितलं, पाण्याने आणि औषधाने उपास मोडत नाही, कधीचाच तो नियम बदलला. फादर वयाने माझ्याएवढे. पपांनी त्यांना चहा दिला आणि मला नंतर म्हणाले, "पोरगो आसा अजून."

टीचरना मी हे रडत सांगितलं.

रविवारी मिसाच्या आधी, सगळा गाव इगर्जीच्या दारात उभा असताना, टीचर विहिरीकडे गेल्या. तांब्या भरून आणला आणि पपांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. चूळ भरली, खळखळली, बाजूच्या अबोलीत थुंकली. मग उरलेला तांब्या वर तोंड करून घटाघटा पिऊन टाकला. शेवटचा थेंबसुद्धा. बायकांनी तोंडावर हात ठेवले. टीचर आत गेल्या, त्यांनी आधी स्वतः कुमगार घेतलं आणि मग वाटायला उभ्या राहिल्या. त्यांच्या रांगेत त्या दिवशी मोजकीच माणसं गेली. पपा गेले, मान खाली घालून.

घरी येताना पपा एकदाच बोलले. "एवढी शिकलेली बाई. माझ्यापायी नरकात जातली ती."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला मागच्या दारी आवाज ऐकू आला. पपा माडाच्या बुंध्याशी उभे राहून चूळ भरत होते. आधी वर बघून काहीतरी म्हणाले, मग खळखळून थुंकले, पुन्हा भरली, पुन्हा थुंकले. मी खिडकीतून मागे सरले आणि पोटभर रडले.

पाण्याच्या त्या तांब्यावरून लोकांनी फादरकडे कागाळ्या केल्या. तोंडात डोकावतात, भाविकांचा अपमान करतात, आता तर भर दारात थुंकतात. फादरना सगळं कळत होतं, तरी गाव सांभाळायचा होता. त्यांनी टीचरना कुमगार वाटण्याचं काम थांबवायला सांगितलं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्या सान्नांचं पीठ ढवळत होत्या.

"बघूची एकच जीभ आता," त्या म्हणाल्या. "मेस्ताक सांग, दर रयवाराक हयसर येवक होया."

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. बुरशीचे दोरे गालाच्या कातडीत खोल गेले होते. पण असा डाग कधीकधी पुढे बिघडू शकतो, डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवायचं, तंबाखूचं नाव काढायचं नाही, ठरल्या वेळी येऊन दाखवायचं. गोळ्यांनी जीभ स्वच्छ झाली, पपा तिखलं खायला लागले, डाग बारीक झाला. गेला मात्र नाही.

मग रविवारचा नेमच झाला. मिस झालं की पपा टीचरकडे जायचे, खिडकीपाशी खुर्चीत बसायचे, कवळी काढायचे, तोंड उघडायचे. टीचर बघायच्या आणि म्हणायच्या, "तितकोच आसा. उठ." पपा उठायचे आणि चहा प्यायचे. ते दोन शब्द ऐकले की माझा पुढचा आठवडा जायचा. मला टीचरनी कितीदा तरी जवळ बोलावून दाखवलं, कड कशी आहे, लाली कुठे आहे. मी बघितल्यासारखं करायचे. त्या आहेत ना, मग मी कशाला, असं मला वाटायचं.

या उन्हाळ्यात टीचर गेल्या. तोंडाचं, बुरशीचं काही नाही. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. इगर्जीत माणूस मावत नव्हता. ती मासेवाली सगळ्यांत मोठ्याने रडत होती, तोंडावर पदर न घेता.

त्यानंतरच्या रविवारी पपा मिस सुटल्यावर सवयीने टीचरच्या घराच्या दिशेला वळले. चार पावलं जाऊन थांबले. घरी येऊन खिडकीपाशी खुर्ची ओढली, कवळी काढली आणि मला हाक मारली.

"बघ गो."

"माका काय कळता पपा?"

"टीचरीन तुका दाखवल्यान मा? बघ."

मी टॉर्च घेतला. डावा गाल बाजूला केला. डाग होता. मागच्या वेळी केवढा होता, ते मला आठवेना. टीचरनी मोजमाप कधी केलं नाही, त्यांची नजरच तेवढी होती. कड जरा लाल वाटली, मग वाटलं टॉर्चमुळे वाटली असेल. मी पुन्हा बघितलं. पपा तोंड उघडून माझ्याकडे बघत होते आणि ते दोन शब्द ऐकायला थांबले होते.

"तितकोच आसा," मी म्हटलं. "पन मी उद्या रजा घेतंय. डॉक्टराक दाखवून येवया."

पपांनी तोंड मिटलं. मग कवळी परत बसवली.

"घाबारलंस गो?"

"होय," मी म्हटलं.

"मी पन," पपा म्हणाले.